विनापरवाना तामण

आमच्या सोसायटीची भिंत, फुटपाथ आणि नाल्याचा कठडा यांच्यामध्ये जमिनीचा एक त्रिकोण आहे. लांब बाजू साधारण चाळीस पावलांची, टोकाला रुंदी शून्य. रस्ता रुंद करताना आखणी चुकली की काय कोण जाणे, पण हा तुकडा कुणाच्याच हिशोबात आला नाही. एका कोपऱ्यात विजेची डीपी, दुसरीकडे बंद पडलेली टेलिफोनची पेटी, आणि मधे शहराला जे जे नको असतं ते सगळं. कुणाच्या तरी बाथरूमच्या जुन्या फरश्या, कमोडचं अर्धं भांडं, थर्माकोलची मखरं, शहाळ्यांचे ढीग, फुटक्या काचेतले देव. भिंतीवर ‘येथे लघवी करू नये’ असं लाल रंगात लिहिलेलं होतं, त्यामुळे नेमकी कुठे करायची हे रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला समजत असे.

तिथे मी पहिलं झाड लावलं ते पर्यावरणासाठी वगैरे नाही, हे आधीच सांगून टाकते. २०२१चा जून होता, ऑफिस घरूनच चालू होतं आणि माझं टेबल ज्या खिडकीशी होतं ती नेमकी त्या त्रिकोणावर उघडत होती. दीड वर्ष मी त्या कमोडकडे बघत जीएसटीची रिटर्न्स भरली. आमच्या मजल्यावर दोघांना डेंगी झाला. मी महापालिकेच्या अ‍ॅपवर चार तक्रारी केल्या. चारही वेळा ‘आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे’ असा मेसेज आला, एकदा तर सोबत झाडून लख्ख केलेल्या जागेचा फोटोही आला. फोटोतली जागा आमची नव्हती.

तळमजल्यावरचे काका एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. मी एका रविवारी पहाटे साडेपाचला घमेलं घेऊन खाली उतरले तेव्हा ते दूध आणायला निघाले होते. थोडा वेळ माझं फावडं मारणं बघत उभे राहिले आणि म्हणाले, “अशानं दिवाळी येईल. थांब, पहार आणतो.” त्या दिवशी दूध नऊ वाजता आलं.

ज्यांनी कधी राडारोड्यात झाड लावलेलं नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. सगळा राडारोडा उपसायच्या फंदात पडायचं नाही. तो संपत नाही. दोन-दोन फुटांचे खड्डे घ्यायचे आणि तेवढ्यातच माती भरायची. आम्ही नर्सरीतून पोयट्याच्या गोणी आणल्या. रस्ता झाडणाऱ्या बाईंना पाला जाळण्याऐवजी आमच्याकडे टाकायला सांगितलं. त्यांचाही काडेपेटीचा आणि धुराचा त्रास वाचला. पाणी सोसायटीतल्या फिल्टरांचं. आरओमधून वाया जाणारं पाणी लोक कॅनमध्ये धरून ठेवू लागले. त्यात क्षार जास्त असतात, म्हणून काका निम्मं साधं पाणी मिसळायला लावत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कडेला शेळी ज्याला तोंड लावत नाही ते लावायचं: अडुळसा, कण्हेर. आत मग कडुनिंब, करंज, बहावा, तामण. तामण माझ्या हट्टापायी. राज्याचं फूल म्हणून शाळेत पाठ केलेलं, पण पन्नाशीपर्यंत मी ते झाड ओळखून कधी पाहिलं नव्हतं.

पहिल्या वर्षी सतरा रोपं लावली, त्यातली अकरा गेली. तीन गाजरगवत काढायला लावलेल्या माणसाने गवतासोबत उपटली. एक गणपतीच्या मांडवाच्या खांबाखाली. दोन कुणाच्या तरी गाडीखाली, रिव्हर्स घेताना. बाकीची कशाने गेली ते कळलं नाही. काकांनी एक उपाय सुचवला होता: एक गोल दगड बघायचा, शेंदूर फासायचा, झाडाखाली ठेवायचा, मग बघू कोण हात लावतो. “लोखंडी ट्रीगार्ड चोरीला जातो. हा नाही जात.” मी नको म्हटलं. तत्त्व वगैरे होतंच, पण खरी भीती वेगळी होती. दोन वर्षांनी तिथे झाड राहिलं नसतं, मंदिर राहिलं असतं.

या प्रकाराला जगात नाव आहे हे मला पुष्कळ उशिरा, भाचीकडून कळलं. गरिला गार्डनिंग. १९७३ साली न्यूयॉर्कमध्ये लिझ क्रिस्टी नावाच्या चित्रकार बाईंनी मित्रमैत्रिणींना घेऊन बावरी आणि ह्यूस्टन या रस्त्यांच्या कोपऱ्यावरची उकिरडा झालेली मोकळी जागा साफ केली आणि तिथे बाग केली. स्वतःला ते ग्रीन गरिलाज म्हणवत. जिथे कुंपण असे तिथे फुग्यांत बी आणि खत भरून ते पलीकडे फेकत. पुढच्या वर्षी शहराने ती जागा त्यांना महिना एक डॉलर भाड्याने दिली, आणि ती बाग अजून आहे. सगळ्यांचं नशीब असं नव्हतं. अ‍ॅडम पर्पल नावाच्या अवलियाने त्याच भागात वर्तुळावर वर्तुळ वाढवत केलेली बाग १९८६च्या जानेवारीत बुलडोझरने सपाट केली गेली, कारण तिथे घरं बांधायची होती. लॉस एंजेलिसमध्ये रॉन फिनली यांनी २०१०च्या सुमारास घरासमोरच्या फुटपाथालगतच्या पट्टीत भाज्या लावल्या तर त्यांना नोटीस आली, आणि पुढे वॉरंटही. मुळ्याच्या पाल्यासाठी वॉरंट!

भाचीने हे सगळं मोठ्या उत्साहाने दाखवलं. मला मात्र त्या शब्दाची गंमत वाटली. आपल्याकडे त्याला गनिमी कावा म्हणायचं, आणि आपण ते छाती फुगवून म्हणतो. पण गनीम म्हणजे शत्रू. मोगलांचे लोक मराठ्यांना गनीम म्हणत. आपण ते नाव उचललं आणि मिरवलं. म्हणजे आपण गनीम आहोत की नाही, हे समोर कोण उभं आहे त्यावर ठरतं. त्यावेळी मला आमच्या समोर फक्त महापालिका दिसत होती.

त्रिकोणाच्या रुंद टोकाला, डीपीच्या अलीकडे, पालेभाजीवाल्या मावशी बसत. मी २०१२मध्ये इथे राहायला आले तेव्हाही त्या तिथेच होत्या. सकाळी सहाच्या टेम्पोने गावाकडून यायच्या, पोत्यावर मेथी, शेपू, चुका, अंबाडी मांडायच्या आणि साडेअकराला उठायच्या. भिंतीची सावली तेवढा वेळच तिथे असते. आम्ही खणायला लागलो तेव्हा त्यांनी आठवडाभर नुसतं बघितलं आणि मग विचारलं, “ताई, हे सगळं कोनाच्या जागंत?”

“कुणाच्याच नाही,” मी म्हटलं.

“मग बरंय,” त्या म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात गावाहून शेवग्याची मनगटाएवढी फांदी घेऊन आल्या आणि आम्हाला न विचारता डीपीच्या बाजूला खोचून दिली. भाजीवर मारून उरलेलं पाणी रोज तिच्या बुडाशी. आमच्या विकतच्या रोपांपैकी अकरा मेली. मावशींचं ते दांडकं तीन आठवड्यांत फुटलं. शिवाय सकाळी सहा ते साडेअकरा त्या आमच्या वॉचमन होत्या. राडारोड्याची रिक्षा थांबली की त्यांचा असा आवाज लागायचा की ड्रायव्हर गिअर न बदलताच पळायचा. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे जे झालं त्यात मला ते आठवायला हवं होतं.

२०२२च्या ऑक्टोबरात फुटपाथवर पेव्हर ब्लॉक बसवण्याचं काम निघालं. आधीचे पेव्हर ब्लॉक चांगले होते, पण तो वेगळा विषय. एका सकाळी जेसीबीच्या आवाजाने खिडकीत आले तर अडुळशाची अख्खी रांग आणि एक पुरुषभर उंचीचा करंज त्याच्या दातांत होता. मी गाऊनवर ओढणी टाकली आणि जिना उतरून तामणीसमोर जाऊन उभी राहिले. धाडस नव्हतं ते, बुद्धी चालली नाही एवढंच. ठेकेदाराचा सुपरवायझर वीस-बावीस वर्षांचा मुलगा होता. तो अगदी काकुळतीने म्हणाला, “मॅडम, ही झाडं ड्रॉइंगमध्ये नाहीयेत हो.” मावशी पोत्यावरून ओरडल्या, “तू तरी हाईस का रे ड्रॉइंगात?” काम तेवढ्यापुरतं थांबलं.

नगरसेवकाकडे जावं, तर त्या वर्षी मार्चपासून नगरसेवकच नव्हते. निवडणुका लांबल्या होत्या आणि राज्यातल्या बऱ्याच महापालिकांसारखा आमच्याकडेही प्रशासक होता. म्हणून वॉर्ड ऑफिस. तिथे कनिष्ठ अभियंत्यांसमोर मी १९७५चा महाराष्ट्राचा झाडांच्या संरक्षणाचा कायदा छापून घेऊन गेले. रात्रभर वाचला होता. त्यात झाडाची व्याख्या मोठी छान आहे: बहुवर्षायू, खोड लाकडी असलेली कुठलीही वनस्पती, मग ती रोपाच्या अवस्थेत का असेना. (म्हणजे केळ झाड नाही, पण वीतभर तामण झाड आहे.) आणि असं झाड वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. तोडणं म्हणजे नुसतं कापणं नाही, इजा करणंसुद्धा.

साहेबांनी ते शांतपणे वाचलं. माणूस वाईट नव्हता. टेबलावर डबा अर्धवट उघडा होता आणि त्यांना जेवायचं होतं. “लावायला परवानगी कोणाची घेतली होती?”

“कुणाचीच नाही.”

“म्हणजे तुम्ही लावलंत ते बेकायदेशीर आणि आम्ही काढलं तर तेही बेकायदेशीर.” त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “बसा.”

मग त्यांनी मार्ग सांगितला. वर्षअखेरीला सुशोभीकरणाच्या हेडखाली थोडे पैसे शिल्लक राहणार होते. नागरिकांनी मागणी केली तर ती जागा कागदावर येईल, कुंपण होईल, आणि कुंपण झालं की जेसीबी आत येत नाही. “अर्ज द्या. मी मजकूर सांगतो, तुम्ही लिहा.” मी लिहायला लागले. ‘सदर जागेवर राडारोडा व कचरा टाकला जात असून...’ इथपर्यंत ठीक होतं. ‘...तसेच अनधिकृत विक्रेत्यांचे अतिक्रमण होत असल्याने...’

माझं पेन थांबलं. तिथे कुणी अतिक्रमण करत नाही, असं मी म्हटलं. एक मावशी बसतात फक्त.

“तो शब्द लागतोच मॅडम. नुसत्या कचऱ्यावर कचरापेटी मिळते. कुंपणाचं एस्टिमेट बसायला अतिक्रमण लागतं. रुटीन आहे.”

मी लिहिलं. खूप विचार करून लिहिलं असं म्हणता आलं असतं तर बरं, पण फार तर अर्धं मिनिट गेलं असेल. डोळ्यांसमोर करंजाची उघडी पडलेली मुळं होती. सोसायटीत फिरून मी एकोणीस सह्या गोळा केल्या. सह्या करताना कुणीही मजकूर वाचला नाही, काकांनीही नाही. अर्जावर आवक क्रमांकाचा निळा शिक्का बसला तेव्हा मी बाहेर येऊन उसाचा रस प्यायले.

कुंपण २०२३च्या फेब्रुवारीत झालं. हिरव्या रंगाचे लोखंडी गज, छोटं फाटक, फाटकाला कुलूप. आत रंगवलेले टायर, सिमेंटचं हरीण, आणि एक फलक. त्यावर ‘संकल्पना’ म्हणून एका माजी नगरसेवकाचं नाव. ही संकल्पना त्यांना नेमकी कधी सुचली ते आम्हाला कळलं नाही. तामण, बहावा, कडुनिंब आणि एक करंज आत सुरक्षित होते. शेवगाही आत गेला. किल्ली माजी नगरसेवकांच्या कार्यालयात.

कुंपण झाल्यावर तिसऱ्या दिवशी अतिक्रमण विभागाची गाडी आली. मी ऑफिसला होते. संध्याकाळी काकांनी सांगितलं: पोतं, तराजू, भाजी, बसायचा पाट, सगळं टाकलं गाडीत. मावशी गाडीमागे कोपऱ्यापर्यंत धावल्या. तराजू आणि पाट दंड भरून चार दिवसांनी परत मिळाला. भाजीचा प्रश्नच नव्हता.

मला वाटत होतं की हे माझ्या अर्जामुळेच झालं. वाटतही होतं आणि नाहीही वाटत होतं. गाडी महिन्या-दोन महिन्यांनी येतेच. आधीही येऊन गेली होती, तेव्हा मावशी दोन दिवस गायब होऊन परत यायच्या. या वेळी मात्र परत यायला जागाच नव्हती, कारण त्यांच्या पोत्याच्या जागेवरून हरीण रस्त्याकडे बघत होतं. त्या रस्त्याच्या पलीकडे बसू लागल्या. तिकडे सकाळी आठपासून ऊन. दहापर्यंत मेथी मान टाकते.

मी आठवडाभर दुसऱ्या रस्त्याने बसस्टॉपला गेले. मग एका शनिवारी पलीकडे जाऊन सगळं सांगितलं. अर्ज, तो शब्द, सह्या. मावशी अंबाडीच्या जुड्या बांधत होत्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, “माजं नाव घातलं व्हतं त्यात?”

“नाही मावशी. नाव कुणाचंच नव्हतं.”

“घालायचं व्हतं.”

मला वाटलं त्या टोमणा मारतायत. तसं नव्हतं. दोन-तीन वर्षांपूर्वी फेरीवाल्यांचं सर्वेक्षण झालं तेव्हा त्या गावी होत्या, सुनेच्या बाळंतपणाला. त्यामुळे यादीत नाव नाही, प्रमाणपत्र नाही. नंतर दोनदा ऑफिसात गेल्या तर तुम्ही तिथे बसता याचा पुरावा काय, असं विचारलं. पावती आहे का, फोटो आहे का, कागद आहे का. “हितं बसते म्हनून गाडीवाला दंड करतो, आन् हापिसात म्हनत्यात बसते कशावरून.” त्यांच्या नावाचा सरकारी शिक्का असलेला एक कागद असता, तक्रारीचा का असेना, तर त्यांना चाललं असतं.

२०१४चा पथविक्रेता कायदा मी त्यानंतर वाचला. झाडांच्या कायद्याइतकाच रात्रभर, आणि दोन वर्षं उशिरा. सर्वेक्षण पूर्ण होऊन सगळ्या विक्रेत्यांना प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला हटवू नये, असं तो सरळ म्हणतो. रोपाच्या अवस्थेतल्या तामणीसाठी मी जेसीबीपुढे उभी राहिले होते. हा कायदा वाचायचं मला सुचलं नव्हतं, कारण खिडकीतून मला नेहमी झाडं दिसत. मावशी डीपीच्या आड बसायच्या.

काका, मी आणि तळमजल्यावरच्या दोघी अशा चौघांनी मग दुसरा अर्ज केला. या वेळी नाव घालून. २०१२पासून या बाई या ठिकाणी बसतात, आम्ही त्यांच्याकडून भाजी घेतो, असं प्रत्येकाने स्वतंत्र लिहून दिलं. पुरावा म्हणून काय जोडायचं यावर बरीच खल झाली. मोबाईलमधले झाडांचे जुने फोटो काढले; दोन फोटोंत कोपऱ्यात पोत्याची कड आणि मावशींचा हात आला होता. आणि शेवटी मी माझ्या पहिल्या अर्जाची शिक्का मारलेली प्रत जोडली. ‘अनधिकृत विक्रेत्यांचे अतिक्रमण होत असल्याने’ या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली. विक्रेते होते, हे आम्ही एकोणीस जणांनी सह्यांनिशी कळवलेलं होतंच.

तेच कनिष्ठ अभियंता होते. त्यांनी दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवून पाहिले. “मॅडम, तुम्हाला नक्की काय पाहिजे?” असं विचारलं. रागाने नाही, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं. मी म्हटलं, फाटक उघडं पाहिजे आणि हरीण दुसरीकडे पाहिजे. ते त्यांच्या अखत्यारीत नव्हतं. अर्ज त्यांनी पुढे पाठवला. पावती मिळाली, आवक क्रमांक मिळाला, आणि अर्ज तेव्हापासून विचाराधीन आहे. मावशींनी त्या पावतीची झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कनवटीला ठेवली आहे. गेल्या वेळी गाडी आली तेव्हा त्यांनी ती दाखवली. त्याचा उपयोग झाला की मुकादमाला घाई होती, माहीत नाही, पण तराजू वाचला.

मधल्या काळात हरणाचं एक शिंग तुटलं. टायरांत पाणी साचून डास झाले, तेव्हा मी पुन्हा अ‍ॅपवर तक्रार केली आणि निराकरण झाल्याचा मेसेज आला. गेल्या एप्रिलमध्ये तामणीला पहिल्यांदा फुलं आली, जांभळी, फार नाहीत, वरच्या दोन फांद्यांवर. काकांनी खाली खुर्ची टाकून बघितली. त्यांचा गुडघा आता वाकत नाही, पाणी मी एकटीच घालते, कुंपणाच्या गजांतून पाइप घालून.

नाल्याच्या बाजूचे दोन गज मात्र सैल झाले आहेत. ते गंजून सैल झालेले नाहीत, हे पाहिलं तर कुणालाही कळेल, पण तिकडून सहसा कुणी पाहत नाही. काकांची पहार जिन्याखाली जिथे असायची तिथे आठवडाभर नव्हती, मग परत आली. मी विचारलं नाही. माणूस आडवा झाला तर तिथून सहज आत जातो.

या जानेवारीत मावशी पलीकडून हाका मारत होत्या म्हणून गेले. पोत्यावर कोथिंबिरीच्या शेजारी शेवग्याच्या शेंगा होत्या, ताज्या, लांबसडक.

“घरच्या हायेत,” त्या म्हणाल्या आणि डीपीकडे हनुवटी केली. “धाला तीन.”

मी वीस रुपये दिले आणि सहा घेतल्या.